मूत्रपिंडाची बाळबांधणी

"अर्धीच भाकरी खा गं. लेकरू लई मोठं झालं म्हंजे शिझर करत्यात."

गेल्या महिन्यात निपाणीला आत्याकडे जेवायला बसलो होतो. पुतणसून सातव्या महिन्यात आहे. आत्यानं तिच्या ताटातली जोंधळ्याची भाकरी उचलली, मोडून अर्धी केली आणि अर्धीच परत ठेवली. सगळं मायेनं. चिकोडी, हुक्केरीपासून खानापूरपर्यंत हा सल्ला मी किती घरांत ऐकलाय याची गणती नाही. पण त्या दिवशी तो देणारी बाई स्वतः ६८ वर्षांची, ४५व्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झालेली आणि आता दर तीन महिन्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कितपत गाळतंय ते सांगणारा आकडा, तपासून घेणारी होती. अर्धी भाकरी आणि क्रिएटिनिन यांचा एकमेकांशी संबंध आहे हे जेवताना सांगायला जमलं नाही, म्हणून इथं सविस्तर सांगतो.

आईनं कमी खाल्लं तर बाळ लहान होतं, इथवर आत्याचं बरोबर आहे. चूक पुढे आहे. आपल्याला वाटतं, बाळ लहान म्हणजे मोठ्याच बाळाची छोटी प्रत. बाहेर आल्यावर दूध-तूप घातलं की भरून निघेल. वजन भरून निघतं. शरीरातल्या काही गोष्टी मात्र पोटात असतानाच मोजून ठेवल्या जातात आणि पुन्हा कधी वाढत नाहीत.

हे लक्षात आलं ते जुन्या वह्यांमुळे. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंनी १९११ पासून सुईणी आणि परिचारिकांची अशी घडी बसवली, की प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहिलं जाई. अनेक दशकांनी डेव्हिड बार्कर या डॉक्टरांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि त्यांतल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं याचा माग काढला. १९८९ साली निष्कर्ष छापून आला: जन्मतः आणि वर्षाचे असताना जे हलके होते, त्यांच्यात हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण जास्त होतं. आपल्याच कर्नाटकात, म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मिशन रुग्णालयानंही १९३४ पासूनच्या बाळंतपणांच्या नोंदी जपल्या होत्या. १९९६ मध्ये तिथं जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि चित्र तेच दिसलं: जन्माचं वजन कमी, तर पंचेचाळिशीनंतर हृदयविकार जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या सहा खेड्यांतल्या बाळांची मोजमापं इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपलं बाळ सरासरी २.७ किलो, तिकडचं ३.५ किलो. आपलं बाळ हाडापेरानं बारीक, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून होती. मधुमेहाची गोष्ट तिथून सुरू होते आणि ती मोठी आहे. मला आज मूत्रपिंडाबद्दल बोलायचंय, कारण ते मोजता येतं.

मूत्रपिंडात गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात हे शाळेत शिकलोच. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन, असं पुस्तकात वाचून आपण पुढे जातो. पण सरासरी फसवी आहे. शवविच्छेदनात प्रत्यक्ष मोजल्यावर कुणाच्या मूत्रपिंडात जेमतेम दोन लाख निघाले, तर कुणाच्या पंचवीस लाख! जन्माच्या वजनात एक किलोचा फरक असेल तर एका मूत्रपिंडामागे सुमारे अडीच लाख नेफ्रॉनचा फरक पडतो, असं मोजमाप आहे.

हे असं का होतं, ते उसाकडे बघितलं की कळतं. कांडी लावल्यावर फुटवे येतात. दीड-दोन महिन्यांनी बाळबांधणी, म्हणजे बुंध्याला मातीची पहिली भर, आणि चार महिन्यांच्या आसपास मोठी बांधणी. किती ऊस उभे राहणार हे त्या काळातच ठरतं. मोठ्या बांधणीनंतर कितीही खत-पाणी द्या, ऊस जाड होईल, उंच होईल, पण सरीतली उसांची संख्या वाढत नाही. उशिरा आलेल्या पाणकोंबांचा ऊस होत नसतो.

मूत्रपिंडही असंच फुटव्यांनी बनतं. गर्भ साधारण पाच आठवड्यांचा असताना एका नळीतून एक कोंब निघतो आणि शेजारच्या मऊ पेशींच्या गोळ्यात शिरतो. त्या पेशी जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडत असतात. ते ओळखणारा रेट नावाचा ग्राही कोंबाच्या टोकावर असतो. संदेश पोचला की टोक दुभंगतं, एकाची दोन, दोनाची चार टोकं होतात. प्रत्येक टोकाभोवती त्या पेशींची टोपी बसते. आता टोक उलटा संदेश पाठवतं, डब्ल्यूएनटी ९बी या प्रथिनाचा. तो मिळाला की टोपीतल्या काही पेशी गोळा होऊन नेफ्रॉन बनवायला लागतात, उरलेल्या राखीव राहून पुढच्या फुटव्याची वाट पाहतात. म्हणजे हा दोन्ही बाजूंनी चालणारा संवाद आहे, आणि जितके फुटवे जास्त तितके नेफ्रॉन जास्त. एकूण नेफ्रॉनपैकी साठ टक्के शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात. सुमारे ३६व्या आठवड्याला राखीव पेशी संपतात आणि काम बंद होतं, कायमचं. आत्यानं भाकरी मोडली ती नेमकी या तीन महिन्यांच्या तोंडावर.

आईचा आहार यात कुठून शिरतो? गाभण उंदरांना प्रथिनं कमी दिली तर पिल्लांचे नेफ्रॉन कमी भरतात आणि पुढे रक्तदाब चढतो, हे अनेक प्रयोगशाळांत दिसलंय. यामागचा एक मार्ग वारेतून जातो. वारेत ११ बीटा एचएसडी २ नावाचं वितंचक (एन्झाइम) असतं. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बाळापर्यंत पोचण्याआधी निकामी करणं हे त्याचं काम. उंदरांमध्ये प्रथिनं तुटली की हे वितंचक कमी पडतं आणि ताणाचं संप्रेरक जास्त प्रमाणात गर्भात उतरतं. हे संप्रेरक पेशींना वाढण्याऐवजी लवकर पिकायला भाग पाडतं. फुटव्यांचा काळ आखडतो.

यानंतर चाळीस-पन्नास वर्षं काही दिसत नाही. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. गाळण्या कमी असल्या तरी काम तेवढंच, मग प्रत्येक गाळणी फुगते आणि आतला दाब वाढतो. गाळणीच्या जाळीवर पोडोसाइट नावाच्या पेशी बोटं पसरून बसलेल्या असतात. त्यांची पुन्हा वाढ होत नाही. गाळणी फुगली की त्या ताणल्या जातात, काही गळून पडतात, उघड्या जागेतून प्रथिनं लघवीत झिरपतात, तिथं व्रण धरतो, ती गाळणी बाद होते आणि तिचं काम उरलेल्यांवर येतं. मीठ बाहेर टाकायलाही अशा मूत्रपिंडाला रक्ताचा जास्त दाब लागतो. हा विचार ब्रेनर या मूत्रपिंडतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडला. २००३ मध्ये जर्मनीत अपघातात दगावलेल्या, रक्तदाब असलेल्या दहा आणि नसलेल्या दहा जणांची मूत्रपिंडं मोजली गेली. रक्तदाबवाल्यांकडे एका मूत्रपिंडात सुमारे सात लाख नेफ्रॉन, दुसऱ्यांकडे सुमारे चौदा लाख. निम्मे! दहा-दहा माणसांचा अभ्यास लहानच, पण तो आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो.

त्यात वय. धडधाकट मूत्रपिंडदात्यांमध्येसुद्धा विशीत दहा लाख असलेल्या चालू गाळण्या सत्तरीत पाच लाखांवर येतात. ज्याच्याकडे सुरुवातीलाच सहा लाख होत्या, त्याचं काय उरणार? जन्मतः वजन कमी असलेल्यांना मूत्रपिंडाचा जुनाट आजार होण्याची शक्यता साधारण सत्तर टक्क्यांनी जास्त असते, असं अनेक अभ्यास एकत्र करून निघालंय. हे प्रमाण लोकसमूहाचं आहे. वजन ही आत काय घडलं त्याची खूण आहे, त्यावरून एकट्या माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

आत्याची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत धुळीत बसून पाला निवडायचा, शिवाय रोज सकाळी मिश्री. निकोटीननं वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या एका अभ्यासात, मिश्रीसारखा न ओढायचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. आपल्या भागात यावर कुणी बोलत नाही. ग्रहणात गरोदर बाईला उपाशी कोंडून ठेवायची, विळी हातात घेऊ द्यायची नाही, हे मात्र शिकल्या-सवरल्या घरांतही काटेकोर पाळलं जातं. ग्रहणाची सावली बाळापर्यंत पोचत नाही, मिश्री पोचते. आणि हजारो रुपये घेऊन 'बाळाची जनुकं सुधारून देतो' म्हणणारे वर्ग, 'किडनी साफ करणारे' काढे ही निव्वळ फसवणूक आहे. एकही नवा नेफ्रॉन उगवणारं औषध आज जगात नाही.

सटवाई पाचवीला कपाळावर लिहून जाते, तसं हे विधिलिखित नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयानं चार देशांतल्या एका मोठ्या प्रयोगात भाग घेतला होता. त्यात काही बायकांना गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून, काहींना बाराव्या आठवड्याच्या सुमारास पूरक आहार दिला. दोन्ही गटांतली बाळं, आहार न दिलेल्या गटापेक्षा लांबीला जास्त भरली. अंगणवाडीतलं मातृपूर्ण योजनेचं गरम जेवण, अंडं, दूध याकडे 'गरिबांचं' म्हणून नाक मुरडू नका. उलट बाजूही आहे: दिल्लीच्या पाहणीत, दोन वर्षांचे असताना बारीक आणि नंतर बारा वर्षांपर्यंत झपाट्यानं अंग धरलेल्या मुलांना तिशीच्या आत-बाहेरच मधुमेह जास्त गाठत होता. लहान बाळाला नंतर कोंबून खाऊ घालून हिशेब मिटत नाही.

आणि ज्यांची बाळबांधणी कधीच होऊन गेली, त्यांनी चाळिशीनंतर दरवर्षी रक्तदाब मोजावा आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे गाळणीतून झिरपणारं प्रथिन, तपासावं. निम्म्या गाळण्या जाईपर्यंत क्रिएटिनिन ठीकच दिसू शकतं, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. दुखलं की वेदनाशामक गोळी घेण्याची सवय अशा माणसाला जास्त महागात पडते.

हे सगळं आत्याला तिच्या भाषेत सांगितलं. पुतणसुनेचं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, बाळंतपणानंतर रद्दीत न टाकता ट्रंकेत शेताच्या उताऱ्यांजवळ ठेवायचं, हेही ठरलं, कारण त्यात बाळाचं वजन लिहिलेलं असणार. आत्या जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझं वजन किती असंल रे?" कोण सांगणार? घरी सुईणीच्या हातचं बाळंतपण, काटा कुठला. मग आत्याच म्हणाली, "आई म्हणायची, तू पायलीत मावत होतीस."

पुढच्या सोमवारी तिला तपासणीला नेलं तेव्हा हे पायलीचं डॉक्टरांना तिलाच सांगायला लावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि केसपेपरवर लिहिलं: जन्मतः वजन बरंच कमी असावं. खाली लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी लिहिली, ती आजवर कुणी करायला सांगितली नव्हती.