कच्च्या पपईने मटण का शिजतं?

‘कच्च्या पपईत जहाल आम्ल असतं, त्यानेच मटण गळतं आणि तेच पोटही जाळतं’, हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. नागपुरात रस्स्याआधी मटणाला पपईचा कीस चोळणारी घरं कमी नाहीत, तेव्हा धास्ती वाटणं साहजिकच.

खरं काम करतं ते पपेन, पपईच्या चिकातलं एन्झाइम, म्हणजे मटणातली प्रथिनं तोडणारा रेणू. त्याच्या रेणूला एक खाच असते. प्रथिनाची साखळी तिथे येऊन बसते, एका वेळी साधारण 7 अमिनो आम्लांचा, म्हणजे साखळीच्या 7 कड्यांचा तुकडा. पपेन कुठेही कात्री चालवत नाही. फेनिलअॅलनिनसारखी जाडजूड, पाण्यापासून दूर राहणारी कडी ठरावीक जागी आली की पकड घट्ट होते, आणि एक कडी सोडून साखळी तुटते. मला यातली ही निवड फार सुंदर वाटते.

घरी पडताळा. जिलेटिन हे प्रथिनच, त्याच्या दोन वाट्या घ्या: एकीत कच्चा कीस, दुसरीत 20 मिनिटं खळखळून उकळलेला. तिसरीत चायनाग्रास, थोडं निवल्यावर कच्चा कीस. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मे महिन्यात तर बाहेर जिलेटिन गोठणारच नाही. पहिली वाटी पातळ राहते, बाकी दोन गोठतात.

आम्ल असतं तर ते उकळून नाहीसं झालं नसतं. उकळीने पपेनची घडी मोडते, खाच उरत नाही. चायनाग्रास तर प्रथिनच नाही, त्या खाचेत ते बसत नाही. नीट शिजलेल्या रस्स्यातलं पपेनही असंच निकामी झालेलं असतं. कच्चा चीक मात्र हाताला लागू देऊ नका, काहींची कातडी चुरचुरते.