करमत नाही की धसका बसलाय? फौजी घरातले दोन सारखे दिसणारे त्रास

फौजी माणसाच्या घरात कुणाची झोप उडाली, मूल गप्प झालं किंवा भांडी आपटायला लागली, की शेजारपाजारचं निदान ठरलेलं असतं: "बदली झालीय ना, बसेल हळूहळू घडी." अलीकडे याचं दुसरं टोकही ऐकू येतं. नव्या शाळेत पहिला महिना रडणाऱ्या पोरालासुद्धा लगेच 'ट्रॉमा' झालेला असतो. वरून दोन्ही त्रास सारखेच दिसतात, म्हणून ही गल्लत होते. खरं तर आपल्या बोलण्यात या दोन्हींना केव्हापासून वेगळे शब्द आहेत. एकाला आपण 'करमत नाही' म्हणतो आणि दुसऱ्याला 'धसका बसलाय'.

समजा, सातारा तालुक्यातली एक बाई नवऱ्याच्या पीस पोस्टिंगवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येतं अशा शांत ठिकाणच्या नेमणुकीवर, भटिंड्याच्या छावणीत राहायला गेली. काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नाव-नंबर घातलेला, क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, आजूबाजूला सगळं हिंदी-पंजाबी. ती रात्री जागी असते, जेवण जात नाही, मुलावर खेकसते. दुसरी बाई गावातच सासू-सासऱ्यांजवळ आहे, नवरा काश्मीरमध्ये फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा आघाडीच्या भागात. एका रात्री युनिटमधून फोन आला की तो जखमी झालाय. तो वाचला, सुट्टीवर येऊनही गेला. पण हीसुद्धा रात्री जागी असते, जेवत नाही, मुलावर खेकसते. डॉक्टरांकडे दोघी एकाच वाक्याने सुरुवात करतील: "झोप येत नाही हो."

फरक कळतो तो मन कशात अडकलंय आणि कोणत्या काळात अडकलंय, यावरून. पहिलीला गाव आठवतं आणि ते दूर राहिलंय हे तिला ठाऊक असतं. दुसरीला ती रात्र आठवत नाही, ती रात्र तिच्यापुरती अजून चालूच असते. मोबाईल वाजला की छाती धडधडते, हात गार पडतात. मग ती रिंग बंद करते, बातम्या लावू देत नाही, दाराशी अनोळखी गाडी थांबली तरी उठून पाहते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू असलेली आजारांची वर्गवारी, आयसीडी-११, पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, म्हणजेच हा धसका) नेमक्या याच तीन गोष्टी मागते: घटना आत्ता घडतेय असं पुन्हा अनुभवणं, तिची आठवण येईल ते सगळं टाळणं आणि धोका अजून आहे असं सतत वाटत राहणं. हे काही आठवडे टिकलेलं आणि रोजचं जगणं अडवणारं असावं लागतं.

इथं हमखास विचारलं जातं, की ती तर तिथं नव्हती, मग तिला कसला ट्रॉमा? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने, डीएसएम-५ ने, याचं सरळ उत्तर दिलंय. जवळच्या माणसावर हिंसक किंवा अपघाती प्राणघातक प्रसंग आल्याचं कळणं, हेही कारण म्हणून पुरतं. गोळी लागते एकाला आणि फोन उचलते दुसरी.

पहिलीच्या त्रासालाही वैद्यकीय नाव मिळू शकतं: समायोजन विकार. पण तो साध्या 'करमत नाही'च्या बराच पुढे गेला आणि घरकाम, शाळा, नाती अडायला लागली, तरच. बदलाच्या महिन्याभरात तो सुरू होतो आणि ताण संपला की साधारण सहा महिन्यांत ओसरतो. फौजेत मेख इथंच आहे. घडी बसते न बसते तोच पुढचा पोस्टिंग ऑर्डर हातात पडतो, म्हणजे ताण संपायला वेळच मिळत नाही. तरी एक खूण बरीचशी भरवशाची: माहेरी चार दिवस गेलं किंवा छावणीत कुणी कोल्हापूरची मैत्रीण भेटली की हा त्रास हलका होतो. धसका माहेरीही सोबत येतो, आणि दिवाळीत फटाके वाजले की उलट वाढतो.

मुलांचं थोडं वेगळं. अंथरूण ओलं करणं, पोट दुखणं, आईला चिकटून बसणं दोन्हींत दिसतं. पण एखादं मूल तोच स्फोट, तोच अपघात रोज तसाच्या तसा खेळत असेल आणि त्या खेळात त्याला मजा येत नसेल, तर त्याला नुसती 'नव्या शाळेची सवय' म्हणून सोडून देऊ नये.

उपायाला आल्यावर तर दोन वाटाच होतात. करमत नाही त्याला माणसं, दिनक्रम आणि शाळेतली जागा लागते. हा प्रश्न सरकारला फार आधी दिसला होता. केंद्रीय विद्यालयांची सुरुवात १९६३ मध्ये झाली ती सतत बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या मुलांसाठी, आणि तिथं प्रवेशाच्या प्राधान्यात मागच्या सात वर्षांतल्या बदल्या मोजल्या जातात. लष्कराच्या पब्लिक स्कूल आहेत, १९६६ पासून आवा ही पत्नींची कल्याण संघटना आहे, नवरा फील्डला असताना कुटुंबाला राहायला सेपरेटेड फॅमिली क्वार्टर आहेत. गावी राहणाऱ्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. घरातही करता येण्याजोगं असतं: मुलाला बदली आधी सांगणं, जुन्या मित्रांचा नीट निरोप घेऊ देणं, नव्या घरात पहिल्या दिवशी त्याचाच कोपरा लावणं. राज्य मंडळातून सीबीएसईत जाणाऱ्या पोराला हिंदी-इंग्रजीची शिकवणी लावली, तर कधी कधी समुपदेशनापेक्षा जास्त गुण येतो. हे मी अर्धवट गमतीने म्हणतेय, पण अर्धवटच.

धसक्याला हे पुरत नाही. वेल्फेअर सेंटरमधला चहा आणि गप्पा चांगल्याच, पण त्याने ती रात्र संपत नाही. त्यासाठी आठवणीकडे पाठ न फिरवता, आधाराने आणि ठरलेल्या पायऱ्यांनी तिच्याकडे जावं लागतं. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या पद्धतीत प्रसंग पुन्हा पुन्हा मोठ्याने सांगायचा असतो आणि टाळलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करायच्या असतात. साधारण ८ ते १५ बैठका. फ्रान्सिन शापिरो यांच्या ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळे बाजूबाजूला फिरवायचे असतात. पॅट्रिशिया रेसिक यांची सुमारे १२ बैठकांची पद्धत प्रसंगापेक्षा त्यातून काढलेल्या निष्कर्षांना हात घालते, आणि फौजी घरांत हे निष्कर्ष फार ओळखीचे असतात. "मी त्याला सुट्टी वाढवून घ्यायला सांगितलं असतं तर." किंवा जवानाचं, "त्या दिवशी माझी ड्यूटी होती, माझ्याऐवजी गेला तो." माणूस हे वाक्य वर्षानुवर्षं पुरावा न मागता स्वतःला सुनावत असतो. उपचारात तो पुरावा मागितला जातो: सुट्टी तुझ्या हातात होती का? पुढे काय होणार हे तेव्हा तुला ठाऊक होतं का?

एक सावधगिरी मात्र पाळायची. प्रसंग घडल्या घडल्या सगळ्यांना बसवून "काय झालं ते सांगून मोकळे व्हा" असा एका बैठकीचा आग्रह करू नये. त्याने पुढचा पीटीएसडी टळत नाही, म्हणून उपचारांचे निकष ठरवणारी ब्रिटनची नाईस ही संस्थाही तसं करू नका असंच सांगते. पहिल्या दिवसांत सोबत, झोप, जेवण आणि खरी माहिती एवढं पुरे.

बरेच जण डॉक्टरांपर्यंत जातच नाहीत, कारण "रेकॉर्डवर येईल". लष्करी वैद्यकीय श्रेणी 'शेप'मधलं पहिलंच अक्षर, एस, मानसिक स्थितीचं आहे, त्यामुळे जवानाची भीती हवेतली नाही. पण ही श्रेणी नोकरीत असणाऱ्याची असते. बायको-मुलांना ती लागूच नाही, तरी त्याच भीतीने घरची माणसंही गप्प बसतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, आणि सशस्त्र दलांसाठी त्याचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झालाय. तिथून कुठल्या वाटेने जायचं, एवढं तरी कळतं.

दोन्ही त्रास एकाच घरात, एकाच माणसात असले की गुंता होतो. धसक्यावरचे उपचार सहाव्या बैठकीपर्यंत आलेले असतात आणि पोस्टिंग निघतं. तीनच आठवडे हातात असतील, तर जाणता थेरपिस्ट नवी आठवण उघडणार नाही. झोप, श्वास आणि घाबरल्यावर स्वतःला आवरायच्या युक्त्या पक्क्या करील, आणि कोणती पद्धत, किती बैठका झाल्या, कुठे थांबलो, औषधं कोणती, हे एका पानावर लिहून देईल. ते पान न मागता मिळालं नाही तर मागून घ्यावं. आणि ट्रंकेत टाकू नये. ट्रंका मागाहून ट्रकने येतात, कधी कधी दोन आठवड्यांनी.