त्यागी धनाग्र (बोटीच्या स्टर्नड्राइव्हचे)

बोटीच्या पाण्याखालील यंत्रभागांऐवजी स्वतः झिजावा म्हणून त्यांना जोडलेला जस्त, ॲल्युमिनियम मिश्रधातू किंवा मॅग्नेशियमचा तुकडा. धनाग्र म्हणजे ॲनोड; कारागिरांच्या बोलण्यात याला ‘झिंक’ म्हणतात.

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत मागच्या टोकाला असते आणि पंखा फिरवणारा पाय बाहेर पाण्यात लोंबतो. व्हॉल्व्हो पेंटाने १९५९ मध्ये ही रचना बाजारात आणली. पाय ॲल्युमिनियमचा, दांडा आणि पुष्कळदा पंखाही स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोन्ही पाण्यात बुडालेले असले की विद्युत्‌घट तयार होतो व त्यातला अधिक क्रियाशील धातू विरघळू लागतो. इथे तो पायाचा ॲल्युमिनियम असतो. त्याहून क्रियाशील धातू जोडला की झीज त्याच्याकडे वळते. समुद्राच्या पाण्यात, मोजणीसाठी प्रमाण मानलेल्या चांदी-सिल्व्हर क्लोराइड विद्युत्‌अग्राच्या तुलनेत पायाचे विभव (विद्युत पातळी; ती जितकी अधिक ऋण, तितका धातू क्रियाशील) सुमारे −०.७५ व्होल्ट, जस्ताचे −१.०३, धनाग्रासाठीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे −१.१ आणि मॅग्नेशियमचे −१.५ च्या आसपास भरते. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे याच तत्त्वाने वाचवले. मात्र तांबे विरघळायचे थांबताच त्याचा विषारी परिणामही थांबला आणि पत्र्यांवर शेवाळ व शिंपले चढले.

सातारा जिल्ह्यात या धनाग्राचा संबंध येतो तो मुख्यतः कोयनेच्या शिवसागर जलाशयाशी. तापोळा, बामणोली येथून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याकडे आणि पलीकडच्या काठांकडे बोटी जातात. इंजिन आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर मागे टांगलेले, असले तरी पाय ॲल्युमिनियमचाच, त्यामुळे नियम तोच. महाबळेश्वरच्या डोंगरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पडणाऱ्या पावसाचे हे पाणी क्षारांना पारखे असते आणि वीज फार कमी वाहते. अशा पाण्यात समुद्रासाठीचे जस्त कुचकामी ठरते. आधीच जस्त आणि पाय यांच्या विभवातला फरक तोकडा, त्यात जस्तावर कठीण पांढरट थर बसतो आणि ते निष्क्रिय होते. वर्षभराने ते नव्यासारखे अखंड दिसते व मालक समाधानी होतो, पण त्याच वेळी पायाला रंगाखाली खड्डे पडत असतात. धनाग्र झिजत नाही, याचा अर्थ ते काम करत नाही. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम हाच योग्य धातू. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम मिश्रधातू उत्तम, आणि समुद्रातही तो चालतो.

निम्मे वस्तुमान झिजले की धनाग्र बदलावे. वासोट्याची वाहतूक पावसाळ्यात बंद असते, तेव्हा हे काम सोयीचे. धनाग्रे एकाच जागी नसतात. बोटीच्या मागच्या फळीवर बसवलेल्या धारकाखाली, पाय उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरांवर, पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीवर आणि काही मॉडेलांत पंख्याच्या मागे ती सापडतात. पट्टीखालचे शेपटीसारखे धनाग्र सुकाणूचा ओढा सावरण्याचेही काम करत असेल, तर काढण्यापूर्वी त्याच्या कोनाची खूण करून ठेवावी. नवे त्याच कोनात बसवले नाही तर स्टिअरिंग एका बाजूला ओढते.

बसवण्यात खरे महत्त्व धातूने धातूला टेकण्याचे. जुने काढल्यावर बैठक रंग, गंज व ग्रीस निघेपर्यंत तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करावी, बोल्टांची भोकेही साफ करावीत. नंतर मल्टिमीटरने धनाग्र आणि पायाचा उघडा धातू यांच्यातील रोध पाहावा. तो एक ओहमपेक्षा बराच कमी हवा. जास्त आला तर बैठक पुन्हा घासावी आणि पायाचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तारा तपासाव्यात, कारण तुटक्या तारेपलीकडच्या भागाला धनाग्राचे संरक्षण पोहोचत नाही. धनाग्राला रंग कधीही लावू नये. बोट नव्याने रंगवताना तेही रंगवले गेले, तर ते असून नसल्यासारखे. एका पायावरची सर्व धनाग्रे एकाच धातूची हवीत, नाहीतर मॅग्नेशियम शेजारच्या जस्तालाच वाचवत स्वतः लवकर संपते.

कोयनेत वापरलेली बोट कोकणातल्या खाडीत न्यायची झाल्यास मॅग्नेशियम आधी काढावे लागते. खाऱ्या पाण्यात ते काही आठवड्यांतच संपते, आणि संपेपर्यंत पायावर इतके जास्त संरक्षण लादते की तिथे अल्कली साचून रंगाचे फोड उठतात व ॲल्युमिनियमलाच इजा होते.