विशेष चालींची जन्मकथा : बुद्धिबळातील किल्लेकोट, बढती आणि आँ पासाँ

बुद्धिबळ शिकवताना किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कडेला नेणे), प्याद्याची बढती (शेवटच्या घरी पोहोचलेल्या प्याद्याचा दुसरा मोहरा होणे) आणि आँ पासाँ (दोन घरे उडी घेतलेल्या प्याद्याला प्याद्याने मारण्याची खास रीत) या चाली बहुधा शेवटी, नियमाला अपवाद म्हणून उरकल्या जातात. प्रत्यक्षात संथ खेळाला वेग देताना बिघडलेला तोल सावरण्यासाठी यांतील पहिली आणि तिसरी चाल घडत गेली, तर जुन्या बढतीला त्याच बदलाने नवे वजन आले. मोहरे कोणत्या हेतूने कोठे ठेवायचे याविषयी आज जे शिकवले जाते, त्याचा बराच भाग या घडामोडीनंतरचा आहे.

भारतातील चतुरंग इराणमार्गे अरबांकडे गेले आणि शतरंज झाले. त्यात राजाशेजारचा ‘फर्ज’ तिरपा एकच घर सरकत असे. जुन्या मराठीत वजिराला ‘फर्जी’ म्हणत ते याच नात्याने. प्यादेही एकेक घर चाले, त्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ पडायला वेळ लागे आणि खेळाडू आरंभी ठरावीक व्यूह मांडून मगच चकमकीला उतरत. युरोपात आधी प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरांची मुभा मिळाली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या परिसरात वजीर व उंट लांब पल्ल्याचे झाले. लुसेना या स्पॅनिश लेखकाने 1497 मध्ये सालामांका येथे छापलेल्या पुस्तकात जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींचे कूटप्रश्न आढळतात.

दोन घरांच्या उडीमुळे एक नवाच पेच निर्माण झाला, तो म्हणजे शत्रूच्या प्याद्याच्या माऱ्यातले घर ओलांडून प्यादे सहीसलामत निसटू लागले. ते एकच घर चालले आहे असे समजून त्याला लगेचच्या चालीत मारता यावे, ही आँ पासाँमागची कल्पना. इटलीतील खेळाडूंना मात्र हा नियम मान्य नव्हता आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांनी तो स्वीकारला नाही.

किल्लेकोटाची निकड अधिक उघड होती. वजीर दुरून हल्ला करू लागल्यावर मध्यभागी उभा राजा धोक्यात आला. आधी राजाला एकदाच उडी मारण्याची सवलत होती, ती पुढे हत्तीच्या हालचालीशी जोडली गेली. पण राजा आणि हत्ती नेमके कोठे थांबावेत याबाबत प्रांताप्रांतांत भेद राहिले. आज या चालीला केवळ बचाव समजणाऱ्याने अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी यांचा 1858 चा पॅरिसमधील डाव पाहावा. नाट्यगृहात दोघा उमरावांविरुद्ध खेळताना त्यांनी बाराव्या चालीला वजिराच्या बाजूने किल्लेकोट केला, त्याच चालीत हत्ती मोकळ्या उभ्या रांगेत आणला आणि किल्लेकोट न करता मध्येच अडकलेल्या काळ्या राजावर सतराव्या चालीला मात केली. शेवटचा वजिराचा बळी सर्वांच्या लक्षात राहतो, पण त्या बळीची तयारी बाराव्या चालीतच झाली होती.

जुना प्यादा फार तर दुबळा फर्जी होई. नव्या खेळात तो पटावरील सर्वांत बलाढ्य मोहरा होऊ लागला आणि एका प्याद्याची आघाडी अंत्यडावात निर्णायक ठरू लागली. तरीही वजीरच मागणे नेहमी शहाणपणाचे नसते. 1895 मध्ये ग्लासगो येथे चर्चेत आलेल्या एका स्थितीत वजीर केल्यास प्रतिपक्षाला हत्तीचा बळी देऊन कोंडी (शह नसताना एकही वैध चाल न उरणे) साधता येते व डाव बरोबरीत सुटतो. फर्नांदो सावेद्रा या धर्मगुरूंनी तेथे प्याद्याचा हत्ती करून विजय दाखवून दिला.

भारतात या सुधारणा उशिरा पोहोचल्या. देशी पद्धतीत प्यादे सर्वसाधारणपणे एकच घर चाले, किल्लेकोटाऐवजी राजा एकदा घोड्याची अडीच घरांची उडी घेई आणि प्यादे ज्या उभ्या रांगेत शेवटास पोहोचे त्या रांगेचा, म्हणजे तेथे आरंभी उभा असणारा, मोहरा बने. तपशील मात्र गावोगाव बदलत. अशा वातावरणात वाढलेल्या खेळाडूला घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवून त्यामागे उंट बसवणे परके वाटले नसावे. कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश खेळाडू जॉन कॉक्रेन यांच्याविरुद्ध अशीच मांडणी करत. 1855 च्या त्यांच्या एका डावातील आरंभ पुढे 1922 मध्ये ऑस्ट्रियाचे खेळाडू ग्रुनफेल्ड यांनी नव्याने आणला आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो, हे थोडे अन्यायाचेच झाले. या कुळातील अन्य बचावांना निदान ‘इंडियन’ हे नाव तरी मिळाले.

देशी नियमांवर घडलेले पंजाबचे मीर सुलतान खान प्रौढपणी युरोपीय नियम शिकून लंडनला गेले, 1929, 1932 आणि 1933 अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे त्यांनी जिंकली आणि 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. आरंभीच्या चालींत ते अखेरपर्यंत कच्चे मानले गेले. त्यांची भिस्त राहिली ती मध्यडावातील चिवटपणावर आणि अंत्यडावावर.