ह्यूबर्ट द बर्ग

ह्यूबर्ट द बर्ग (सु. ११७०–मे १२४३) : इंग्लंडचा मुख्य कारभारी (जस्टिशियर) व केंट परगण्याचा अर्ल (उच्च सरदार). जॉन आणि तिसरा हेन्री या दोन राजांची त्याने चाकरी केली. तो नॉरफोकमधील एका साध्या जमीनदार घराण्यातला होता. थोरला भाऊ विल्यम आयर्लंडमध्ये बडा जहागीरदार झाला. ह्यूबर्ट मात्र दरबारातच वाढला आणि ११९८ पर्यंत जॉनचा चेंबरलेन (राजघराण्याचा खासगी कारभार पाहणारा अधिकारी) झाला. त्याला जे मिळाले ते राजाच्या मर्जीने मिळाले. वडिलोपार्जित सत्तेचा आधार त्याच्यामागे कधीच नव्हता, हे त्याच्या पुढच्या हालअपेष्टा समजून घेताना ध्यानात ठेवावे लागते.

जॉनचा पुतण्या आर्थर १२०३ साली नॉर्मंडीतील फालेझच्या किल्ल्यात ह्यूबर्टच्या ताब्यात होता. त्याचे डोळे काढण्याचा राजाचा हुकूम ह्यूबर्टने अमलात आणू दिला नाही, असे तत्कालीन बखरकार राल्फ ऑफ कॉगशॉल सांगतो. पुढे आर्थर त्याच्या ताब्यातून गेला आणि नाहीसा झाला. फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने फ्रान्समधील शिनाँ या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा ह्यूबर्टने तो किल्ला दीर्घकाळ लढवला. १२०५ मध्ये जखमी होऊन तो पकडला गेला आणि त्याची काही वर्षे कैदेत गेली. सुटकेनंतर तो फ्रान्समधील प्वातू प्रांताचा सेनेशल (राजाचा प्रांताधिकारी) झाला. मॅग्ना कार्टा या १२१५ च्या हक्कांच्या सनदेच्या प्रास्ताविकात राजाच्या सल्लागारांमध्ये त्याचे नाव याच हुद्द्याने येते. त्याच सुमारास, जून १२१५ मध्ये, त्याला मुख्य कारभाऱ्याचे पद मिळाले. राजा परदेशी असला की राज्य चालवायचे आणि एरवी न्याय व वसुलीवर देखरेख ठेवायची, असे हे पद होते.

त्याची खरी कीर्ती इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या डोव्हर किल्ल्याची. बंडखोर सरदारांच्या निमंत्रणावरून फ्रान्सचा राजपुत्र लुई इंग्लंडात उतरला आणि १२१६ च्या उन्हाळ्यात त्याने डोव्हरला वेढा दिला. फ्रेंचांनी उत्तर दरवाजाखाली सुरुंग खणून एक बुरूज पाडला, तेव्हा शिबंदीने ते खिंडार लाकडाच्या ओंडक्यांनी बुजवून शत्रूला मागे रेटले. ऑक्टोबरात जॉन मरण पावला. आता कोणासाठी लढता, असे लुईने विचारून पाहिले, पण ह्यूबर्टने किल्ला दिला नाही. पुढे तो उत्तर दरवाजा कायमचा बंद करून पश्चिमेला नवा बांधण्यात आला. २४ ऑगस्ट १२१७ रोजी सँडविचजवळच्या सागरी लढाईत इंग्रज गलबतांनी वाऱ्याची बाजू साधून शत्रूवर कळीच्या चुन्याची भुकटी उधळली. फ्रेंच आरमाराचा म्होरक्या यूस्टेस याचे डोके उडवले गेले आणि लुईला तह करावा लागला.

१२१९ मध्ये राजपालक विल्यम मार्शल वारला आणि अल्पवयीन हेन्रीच्या राज्याची सूत्रे हळूहळू ह्यूबर्टकडे आली. सरदारांनी बळकावलेले किल्ले त्याने परत मागितले. १२२४ मध्ये बेडफर्डचा किल्ला आठ आठवड्यांच्या वेढ्यानंतर पडला, तेव्हा ८० हून अधिक शिपाई फासावर चढवले गेले. राजाची घडी त्यानेच बसवली हे खरे. स्वतःची जहागीरही याच काळात फुगवली, हेही तितकेच खरे. १२२१ मध्ये स्कॉटलंडच्या राजाची बहीण मार्गारेट हिच्याशी विवाह, १२२७ मध्ये अर्लपद, शिवाय वेल्सच्या सीमेवर ग्रॉसमाँट, स्केनफ्रिथ व व्हाइट कॅसल हे किल्ले. जुन्या घराण्यांना हा उपटसुंभ खुपणे साहजिक होते.

१२२९ मध्ये फ्रान्सवरील स्वारीसाठी पोर्टस्मथ बंदरात पुरेशी जहाजे नव्हती. संतापलेला हेन्री त्याच्यावर तलवार उपसून धावला, असे बखरकार रॉजर ऑफ वेंडोव्हर लिहितो. जुलै १२३२ मध्ये विंचेस्टरचा बिशप पीटर दे रोश याच्या गटाने त्याला पदावरून काढवले. त्याच्याकडे सगळ्या कारकिर्दीचे हिशेब मागितले गेलेच; वर आरोपांची शेपटी अशी लांबली, की युद्धात अजिंक्य करणारे एक रत्न खजिन्यातून चोरून त्याने वेल्सचा राजा लूएलिन याला दिले, असेही म्हटले गेले. ब्रेंटवुडजवळच्या एका प्रार्थनामंदिरात त्याने आश्रय घेतला, तेथून त्याला ओढून काढण्यात आले. बेड्या ठोकायला बोलावलेल्या लोहाराने ‘डोव्हर राखणाऱ्या माणसाला’ बेड्या घालण्यास नकार दिला, अशी कथा बखरींत आहे. ती खरी धरावी की नाही हा प्रश्न वेगळा, पण लोकमत कोणीकडे होते ते तीतून कळते. आश्रयाचा भंग झाल्याचा निषेध लंडनच्या बिशपने केल्यावर राजाने त्याला परत मंदिरात पोहोचवले आणि अन्न तोडून बाहेर यायला लावले.

डिव्हायझिसच्या किल्ल्यातील कैदेतून १२३३ मध्ये राजाच्या विरोधकांनी त्याला सोडवून वेल्सकडे नेले. १२३४ मध्ये दे रोशचा गट कोसळला आणि ह्यूबर्टला अर्लपद व जमिनी परत मिळाल्या. कारभारीपद मात्र नाही. त्या वर्षापासून १२५८ पर्यंत ते पद रिकामेच राहिले. १२३९ मध्ये जुने आरोप उकरून निघाले आणि वेल्सच्या सीमेवरील ते तीन किल्ले व एसेक्समधला हॅडली राजाच्या हवाली करून त्याने सुटका करून घेतली.

सरे परगण्यातील बॅनस्टेड येथे त्याचे निधन झाले. लंडनच्या डॉमिनिकन मठात त्याचे दफन झाले. अर्लपद मार्गारेटच्या संततीपुरतेच मर्यादित होते आणि तिची एकुलती मुलगी १२३७ मध्येच वारली होती. त्यामुळे पहिल्या पत्नीपासून झालेल्या जॉन या मुलाला ते मिळाले नाही.