द्विभाषिक विद्यार्थ्यांचे वाचा-भाषा मूल्यमापन

घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा वापरणाऱ्या मुलाच्या बोलण्यात खरोखर दोष आहे, की दुसरी भाषा शिकताना पडणारा स्वाभाविक फरक आहे, हे ठरवण्याची पद्धत. सांगली जिल्ह्यात हा प्रश्न जत तालुक्यात ठळकपणे जाणवतो. तिथल्या अनेक गावांत घरात कन्नड बोलली जाते. असे मूल मराठी शाळेत ‘मोठा शाळा’ म्हणते, कारण कन्नडमध्ये विशेषण नामाच्या लिंगानुसार बदलत नाही. बोलचालीच्या कन्नडमध्ये महाप्राण (ख, घ, भ असे हकारयुक्त ध्वनी) सैल पडतात, म्हणून ‘भात’चा ‘बात’ होतो. ‘चाक’मधला च ‘चार’मधल्यासारखा येतो. ही तोतरेपणाची लक्षणे नव्हेत. मराठी घरातले मूल ‘येळ’, ‘इहीर’ म्हणते तेही बोलीच्या नियमानेच, पण प्रमाण मराठीवर बेतलेल्या चाचणीत त्याचेही गुण जातात. विटा-आटपाडीकडची गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबे परराज्यांतून गावी परततात, तेव्हा मुलांच्या तोंडी आणखी तिसरीच भाषा असते.

खरा भाषादोष सहसा मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. मूल्यमापनात आधी श्रवणतपासणी होते. पहिला शब्द कधी आला, भावंडांच्या मानाने बोलणे मागे होते का, घरी कोण कोणत्या भाषेत बोलते, हे पालकांना विचारतात. शब्दसंपत्ती मोजताना दोन्ही भाषांतले शब्द धरायचे : मुलाला ‘मांजर’ आठवले नाही पण कन्नड ‘बेक्कु’ आठवले, तरी ती कल्पना त्याला येते. चाचणी, मग थोडे शिकवणे, मग पुन्हा चाचणी, हा मार्ग विशेष उपयोगी. शिकवल्यावर मूल झपाट्याने सुधारले, तर उणीव बहुधा सरावाचीच असते. वर्गातल्याच एखाद्या मुलाला दुभाषा करणे सोयीचे खरे, पण असा दुभाषा चुकलेले वाक्य नकळत नीट करून सांगतो आणि जे तपासायचे तेच निसटते. नव्या भाषेत काही महिने गप्प राहणारे मूलही लगेच दोषी धरू नये.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डायना खटल्यातील (1970) स्पॅनिशभाषक मुलांना इंग्रजी चाचणीवरून बौद्धिकदृष्ट्या मागे ठरवले गेले होते. स्पॅनिशमध्ये तपासल्यावर बहुतेकांचे गुण वाढले. घरची भाषा बंद करा, हा पालकांना सर्रास मिळणारा सल्ला निराधार आहे. द्विभाषिकतेमुळे भाषादोष होत नाही.

भारताच्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगतेचा समावेश आहे, मात्र ती शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेली कायमस्वरूपी असावी लागते. घरची भाषा वेगळी असणे तीत बसत नाही.