श्रेगे मुझीक

श्रेगे मुझीक : दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाच्या (लुफ्तवाफे) रात्रीच्या लढाऊ विमानांत बसवलेली, वरच्या दिशेने तिरकस रोखलेल्या तोफांची रचना. शब्दशः अर्थ ‘तिरके संगीत’. बोलीभाषेत बेसूर संगीताला, विशेषतः जॅझला, जर्मन लोक असे म्हणत. तोफांच्या तिरकेपणावरून हा श्लेष वैमानिकांतच रूढ झाला असावा.

मेसरश्मिट बीएफ ११० विमानात बैठककक्षाच्या मागच्या भागात २० मिमी.च्या दोन तोफा साधारण ६० ते ७५ अंशांच्या कोनात बसवीत. वैमानिकाच्या डोक्यावर, छताला, त्यांच्यासाठी वेगळे नेमदर्शक असे. ब्रिटिशांच्या लँकास्टर व हॅलिफॅक्स या बाँबफेकी विमानांच्या पोटाखाली बहुधा तोफबुरूज नसे. पुढे तेथे जमिनीचा वेध घेणाऱ्या एचटूएस रडारचा घुमट आला. खालच्या अंधारातून येणारा हल्लेखोर त्यामुळे दिसत नसे, त्याला मात्र आकाशावर उमटलेली लक्ष्याची काळी आकृती स्पष्ट दिसे. पोटातील बाँबांचा स्फोट झाल्यास हल्लेखोरही सापडण्याची भीती; म्हणून नेम पंखांतील इंधनटाक्यांवर धरीत. जागा उघड होऊ नये यासाठी अगदी मंद प्रकाशरेषेचा दारूगोळा वापरला जाई.

उगमाविषयी मतभेद आहेत. वर रोखलेली बंदूक ही कल्पना नवी नव्हे. पहिल्या महायुद्धात, २–३ सप्टेंबर १९१६ च्या रात्री लीफ रॉबिन्सन या ब्रिटिश वैमानिकाने बी.ई. २सी विमानातील वर रोखलेल्या लुईस बंदुकीने एसएल ११ हे जर्मन हवाई जहाज पाडले होते. दोन युद्धांमधील काळात ३७ मिमी.ची तोफ तिरकस बसवलेली विमानेही ब्रिटनमध्ये तयार झाली, पण ती प्रायोगिक अवस्थेपुढे गेली नाहीत. जपानी नौदलातील कोझोनो यासुना याने राबाउल (नैर्ऋत्य पॅसिफिकमधील जपानी तळ) येथे नाकाजिमाच्या दोन एंजिनी विमानात तिरक्या तोफा बसवल्या व मे १९४३ मध्ये त्यांनी अमेरिकी बी-१७ विमाने पाडली. जर्मनांनी ही युक्ती जपानकडून घेतली असे काही ठिकाणी सुचवले जाते. तथापि जर्मन प्रयोग त्याआधीच सुरू झालेले असल्याने दोन्हींचा उगम स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक ठरते. जर्मनीत श्रेय सामान्यतः रुडोल्फ शोनर्ट या वैमानिकाला देतात. त्याच्या प्रस्तावाला वरिष्ठांकडून आरंभी थंड प्रतिसाद मिळाला, असे सांगतात. पार्खिम येथील त्याच्या तुकडीतील शस्त्रकारागीर पाउल माले याने टार्नेव्हिट्स येथील शस्त्रचाचणी केंद्रात तशी रचना पाहून ती बीएफ ११० मध्ये जुळवली, असा दुसरा वृत्तांत आहे. कल्पनेचा पाठपुरावा शोनर्टचा व प्रत्यक्ष जुळणी मालेची, असे मानल्यास दोन्ही वृत्तांत परस्परविरोधी राहत नाहीत. शोनर्टने या तोफांनी पहिले विमान बहुधा मे १९४३ मध्ये पाडले.

मोठ्या हल्ल्यातील पहिला परिणामकारक वापर पेनेम्युंडे या जर्मन अग्निबाण-संशोधन केंद्रावरील १७–१८ ऑगस्ट १९४३ च्या रात्रीचा समजतात. ५९६ पैकी ४० ब्रिटिश विमाने त्या रात्री परतली नाहीत. त्यांपैकी सहा तिरक्या तोफांच्या दोन विमानांनी पाडल्याचा जर्मन दावा होता. न्यूरेंबर्गवरील ३०–३१ मार्च १९४४ च्या हल्ल्यात ९५ ब्रिटिश विमाने नष्ट झाली. तोवर ही रचना बरीच पसरली होती. रात्रीच्या लढाईत १२१ विमाने पाडल्याची नोंद असलेला हाइंट्स-वोल्फगांग श्नाउफर याच्या बीएफ ११० मध्येही ती होती. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याच्या नावे पहाटे दोन विमाने व संध्याकाळी सुमारे १९ मिनिटांत आणखी सात, अशी एकूण नऊ लँकास्टर नोंदली गेली.

ब्रिटिशांना या शस्त्राचा उलगडा फार उशिरा झाला, आणि त्याची किंमत विमानांतील तरुण सैनिकांनी मोजली. शेजारचे विमान गोळीबाराची रेषा न दिसता अचानक पेटे, तेव्हा ते पडणारे विमान नसून घाबरवण्यासाठी जर्मनांनी उडवलेला ‘बुजगावणे’ गोळा आहे, असा समज या सैनिकांत पसरला होता. असे गोळे जर्मनांकडे नव्हतेच. पुढे काही विमानांत, विशेषतः कॅनडाच्या गटात, पोटाखाली अर्ध्या इंचाची मशिनगन बसवण्यात आली.